समितीत तुमचं नाव आहे का?

मैत्रिणींनो, ऑगस्ट २०२४ मधलं बदलापूर आठवतंय ना? शाळेच्या स्वच्छतागृहात दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाले. तक्रार द्यायला गेलेल्या आईला पोलीस ठाण्यात तासन्‌तास बसवून ठेवलं. २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले, तेव्हा कुठे यंत्रणा हलली. पुढे सप्टेंबरमध्ये आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला. ‘बरं झालं, सुटलो!’ असं आमच्या भिशीतही बायका म्हणाल्या.

मला मात्र सुटल्यासारखं वाटेना. लहान मुलींच्या स्वच्छतागृहात पुरुष कर्मचारी कसा? त्याला ठेवताना कुणी चौकशी केली होती का? शाळेने पोलिसांना लगेच का नाही कळवलं? पोक्सो कायदा २०१२ चा आहे, आणि त्यात माहिती दडवणं हाही गुन्हा आहे.

हे प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाने सोडले नाहीत. स्वतःहून दखल घेऊन समिती नेमली. निवृत्त न्यायमूर्ती साधना जाधव आणि शालिनी फणसळकर-जोशी या दोघी तिच्या प्रमुख. समितीच्या शिफारशींवरून मे २०२५ मध्ये राज्य सरकारने शाळांसाठी नियम काढले. सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी वगैरे त्यात आलं. चौकशी नीट झाली की धोरण असं बदलतं, हे मान्यच करायला हवं.

पण एक गोष्ट खटकते. शाळाशाळांत ‘सखी सावित्री समिती’ हवी, हा शासन निर्णय मार्च २०२२ चा. म्हणजे बदलापूरच्या दोन वर्षं आधीचा! त्यात शिक्षिका, अंगणवाडी सेविका, महिला पालक सगळ्या आहेत. मग?

परवा मी इथल्याच एका शाळेत गेले. मुख्याध्यापकांनी चहा पाजला आणि भिंतीवरचा फलक कौतुकाने दाखवला. ‘हे बघा ताई, समिती आहे आपली.’ पालक म्हणून जिचं नाव होतं, ती आमच्या गल्लीतलीच. संध्याकाळी तिच्याकडे गेले. पोळ्या लाटत होती.

‘अगं बाई, माझं नाव आहे? कसली समिती ती?’

बैठक एकदाही झालेली नव्हती. आता येत्या सोमवारी आम्ही दोघी शाळेत जाऊन बैठकीचं रजिस्टर मागणार आहोत. पोलीस पडताळणीचे कागदही बघायचेत. रिक्षावाल्या काकांचेसुद्धा.