कष्टकऱ्यांच्या अन्नाला मान केव्हा मिळतो?

(द्वितीय वर्ष, कला)

वार्षिकांकात हुंडा, बेकारी, परीक्षापद्धती अशा विषयांवर लेख येतात आणि ते यायलाच हवेत. मी मात्र एका परदेशी जेवणाविषयी लिहिणार आहे. स्वयंपाकाचा विषय कला शाखेच्या विद्यार्थ्याने, त्यातही मुलाने का घ्यावा, असे कोणी विचारील. माझे उत्तर साधे आहे. समाजात कोण वर आणि कोण खाली, हे जितके ग्रंथांतून कळते तितकेच ताटातूनही कळते. फक्त ताटाकडे त्या नजरेने पाहायची आपल्याला सवय नसते.

गेले दीड वर्ष मी संध्याकाळी एका कॅफेच्या स्वयंपाकघरात काम करतो. फी आणि खोलीचे भाडे त्यातून निघते. तेथे 'इटालियन सॉसेज अँड पेपर्स' नावाचा एक पदार्थ होतो. नाव भारदस्त असले तरी करणे इतके सोपे आहे की ज्याने कधी पोळी लाटली नाही त्यालाही तो पहिल्याच दिवशी जमावा. सॉसेज म्हणजे डुकराचे जाडसर खिमलेले मांस मीठ, मिरपूड, लसूण आणि बडीशेप घालून, स्वच्छ केलेल्या आतड्यात भरून केलेली वळी. तिखट हवे असेल तर त्यातच लाल मिरचीचा चुरा पडतो. पेपर्स म्हणजे आपली ढोबळी मिरची.

चार माणसांसाठी अर्धा किलो सॉसेज, म्हणजे पाच-सहा वळ्या, तीन मोठ्या ढोबळ्या मिरच्या, दोन कांदे, चार-पाच लसूण पाकळ्या आणि तीन मोठे चमचे ऑलिव्ह तेल लागते. ओव्हन आधी २०० अंश सेल्सिअसवर तापवून घ्यायचा. मिरच्यांच्या बोटभर रुंद फोडी करायच्या, कांदा जाड चिरायचा आणि मीठ, मिरपूड, ओरेगानो व तेल हाताने सगळ्याला चोळायचे. मग भाजी ट्रेमध्ये एकाच थरात पसरायची. ढीग केला तर भाजीला पाणी सुटते आणि ती भाजण्याऐवजी शिजते. वर सॉसेज ठेवायचे, म्हणजे त्याची चरबी वितळून खालच्या भाजीत मुरते. वळ्यांना टोचे मारायचे नाहीत, नाहीतर आतला रस निघून जातो. वीस मिनिटांनी उलटायचे आणि आणखी वीस मिनिटे ठेवायचे. मिरचीच्या कडा काळसर झाल्या आणि मांस आतून ७१ अंशांपर्यंत तापले की झाले. डुकराचे मांस कच्चे राहता कामा नये, एवढीच काय ती सावधगिरी. ट्रेमध्ये उरलेला रस पावाने पुसून खातात, आणि खरी चव त्या रसातच असते.

या कृतीत माणसाचे काम दहा मिनिटांचे आहे, उरलेली चाळीस मिनिटे आच काम करते. दिवसभर राबून घरी आलेल्या माणसाला परवडावे असेच हे जेवण आहे, आणि मुळात ते आहेही राबणाऱ्या माणसांचेच.

इटली हे एक राष्ट्र झाले १८६१ मध्ये. पण एकीकरणाने दक्षिणेकडच्या शेतमजुराची चूल पेटली नाही. जमीन मोठ्या जमीनदारांची, कर जबर आणि पोटाला जेमतेम. १८८० ते १९२४ या काळात सुमारे चाळीस लाख इटालियन अमेरिकेला गेले आणि त्यांतले बहुसंख्य याच दक्षिण भागातले होते. तेथे त्यांनी बोगदे खणले, रेल्वेचे रूळ टाकले, बंदरांत ओझी वाहिली. गावाकडे मांस म्हणजे सणासुदीची चैन. हिवाळ्यात घरचे डुकर कापायचे आणि त्याचे सॉसेज करून पुरवून खायचे. अमेरिकेत मजुरीच्या पैशांत मांस अधिक वेळा घेता येऊ लागले आणि सणाचे सॉसेज कांदा-मिरचीबरोबर तव्यावर परतून घरोघर होऊ लागले. ओव्हनमधला ट्रे ही त्याच जेवणाची आणखी सोपी केलेली रीत. न्यूयॉर्कच्या मलबेरी स्ट्रीटवर नेपल्सहून आलेल्या लोकांनी १९२६ मध्ये सान जेनारो या आपल्या संताचा उत्सव सुरू केला. तो आजही दर सप्टेंबरात भरतो आणि पावात घातलेले सॉसेज-मिरची हा तेथल्या गाड्यांवरचा ठरलेला पदार्थ आहे.

आज हे वाचताना सारे रम्य वाटते. त्या काळी ते तसे नव्हते. १८९१ मध्ये न्यू ऑर्लिन्स शहरात जमावाने तुरुंगात घुसून अकरा इटालियनांना ठार मारले. 'लसूणखाऊ' ही इटालियन माणसाला घालायची शिवी होती. समाजसेवेसाठी वस्त्यांत येणाऱ्या सुशिक्षित बायका इटालियन आयांना सांगत की, हे लसणाचे, मसाल्याचे, सगळे एकत्र शिजवलेले अन्न सोडा आणि अमेरिकनांसारखे साधे जेवायला शिका. त्यांचा हेतू वाईट असेल असे मी म्हणत नाही. पण ज्या बाईची भाषा परकी, कपडे परके, तिच्या हातात उरलेले एकच ज्ञान म्हणजे स्वयंपाक, आणि तेही चूक आहे असे तिला सांगितले जात होते. पुढे १९२४ च्या कायद्याने अशा लोकांचे येणेच जवळजवळ बंद केले.

आणि आज? तेच लसूण, तेच तेल आणि तीच मिरची जगभर मिरवत आहेत. २०१० मध्ये युनेस्कोने इटलीसह चार देशांच्या भूमध्य समुद्राकाठच्या आहारपरंपरेला मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. लसणाचा वास काही कमी झाला नव्हता. त्या मजुरांची मुले-नातवंडे शिकली, मते मागू लागली, धंद्यात शिरली, आणि त्यांची पत वाढली तशी त्यांच्या ताटाचीही वाढली. तात्पर्य, अन्नाची प्रतिष्ठा चवीवर क्वचितच ठरते. ती खाणाऱ्याच्या प्रतिष्ठेवर ठरते.

कोणी म्हणेल, ही परक्यांची कथा, तिचा आपल्याशी काय संबंध? संबंध त्या मिरचीपासूनच सुरू होतो. मिरची मूळची ना इटलीची ना आपली. ती अमेरिका खंडातली. १४९२ नंतर कोलंबसाच्या जहाजांबरोबर ती युरोपात गेली आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर भारतात आली. त्याआधी आपल्याकडे तिखट म्हणजे मुख्यतः मिरे. मिऱ्यावरून आपण नव्या पाहुणीला 'मिरची' म्हटले. इटालियनांनीही तेच केले. त्यांच्याकडे मिऱ्याला 'पेपे' म्हणतात, त्यावरून ढोबळ्या मिरचीला ते 'पेपेरोने' म्हणू लागले. गोव्यातले 'चोरीस' तर याच सॉसेजचे पोर्तुगीजांकडून आलेले भावंड आहे. डुकराचे मांस, लाल मिरची, लसूण आणि व्हिनेगर आतड्यात भरून त्याच्या माळा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात टांगलेल्या असतात, आणि तेथेही ते पावात घालूनच खातात. ज्या मिरचीवाचून आपला एक घास उतरत नाही तीच जर समुद्रापलीकडून आली असेल, तर शुद्ध आणि अशुद्ध अन्नाच्या गप्पा आपण कोणत्या तोंडाने मारायच्या?

आता मूळ मुद्द्यावर येतो. आमच्या वस्तीत डुकरे पाळतात. माझी आजी तेच करत आली आणि माझ्या पहिलीच्या पुस्तकांपासूनचा खर्च त्यातूनच झाला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. जत्रेला घरी मांस शिजते तेव्हा आई वरून तेलाचा थेंब घालत नाही. मीठ, हळद, लसूण आणि वाटलेली लाल मिरची लावून ते स्वतःच्याच चरबीत परतले जाते. कॅफेतल्या ट्रेमध्ये जे घडते तेच आमच्या काळ्या पातेल्यात घडते. फरक बडीशेपेचा आणि ओव्हनचा. पण गावाहून मी निघतो तेव्हा आई ते डब्यात कधीही देत नाही. "तिकडं नको बाबा, पोरं काय म्हनतील," असे म्हणून ती शेंगदाण्याची चटणी भरते. ती शाळेत गेली नाही, पण आपल्या हातचे कोणते अन्न कोठे चालत नाही, हे तिला कोणी न शिकवता पाठ आहे.

त्याच मांसाची प्लेट मी संध्याकाळी टेबलावर नेतो. तिची किंमत चारशे पन्नास रुपये. आमच्या वस्तीवरून जाताना नाकाला रुमाल लावणाऱ्या थरातली माणसे आधी तिचा फोटो काढतात आणि मग आवडीने खातात. त्यांनी खाऊ नये असे माझे मुळीच म्हणणे नाही. त्यांनी खुशाल खावे. माझा प्रश्न एवढाच आहे की इटालियन नाव लागताच जे चालते, ते आजीचे नाव लागताच का चालत नाही? विटाळ मांसात होता की माणसात मानलेला होता?

याला दोन आक्षेप निघतील. पहिला धर्माचा. अनेकांना हे मांस निषिद्ध आहे, आणि त्यांनी ते खाऊ नये, त्यांच्या ताटाशेजारी कोणी मुद्दाम ठेवूही नये. न खाण्याचा हक्क मी मानतो. पण न खाणे वेगळे आणि खाणाऱ्याला हिणवणे वेगळे. दुसरा आक्षेप आरोग्याचा. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेले मांस कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या गोष्टींत धरले. तेव्हा सॉसेज रोज खावे असे कोणी म्हणणार नाही. सणाचे अन्न सणापुरतेच बरे, हे दक्षिण इटलीतल्या शेतकऱ्याला आणि माझ्या आजीला परिस्थितीनेच शिकवले होते.

मग करावे काय? इटालियन मजुरांकडून मला एक गोष्ट शिकण्यासारखी वाटते. शिव्या खात असतानाही त्यांनी आपले अन्न घरात कोंडले नाही. आपल्या उत्सवात, भर रस्त्यात, आपल्याच नावाने ते विकले. पुढे त्याच्या कृती मोजमापासह लिहिल्या गेल्या, म्हणून तर त्या माझ्या हातापर्यंत पोहोचल्या. आपल्याकडेही सुरुवात झाली आहे. मराठवाड्यातल्या दलितांच्या आहारावर शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक २०१५ मध्ये लिहिले. एका पुस्तकावर मात्र भागणार नाही. वस्ती-वस्तीची, तांड्या-तांड्याची चूल निराळी आहे, आणि तिची माहिती असलेल्या बायका म्हाताऱ्या होत चालल्या आहेत. त्यांना लिहिता येत नाही. त्यांच्या घरातले जे पहिल्यांदाच कॉलेजात आले आहेत, त्यांनाच ते लिहावे लागेल.

म्हणून संपादक मंडळाला माझी एक विनंती आहे. पुढच्या अंकात चार पाने राखून ठेवावीत आणि प्रत्येक विद्यार्थ्याकडून त्याच्या घरची एक कृती मागवावी. पुस्तकातली नको, घरची हवी, आणि ती कोणाच्या हातची हेही खाली छापावे. माझी तयार आहे. अडचण एवढीच की आई मुठीने आणि चिमटीने मोजते, तेव्हा गावी गेलो की तिची मूठ वजनकाट्यावर मोजून घेणार आहे.