दर सांगताना अडखळणारी श्रद्धा

सदर : पैसापाणी

ख्रिस्ती माणसाला धंद्यात पहिली अडचण भांडवलाची येते, असं सगळे म्हणतात. माझ्या पाहण्यात ती दर सांगण्याची येते.

वसईतल्या एका केटरिंगवाल्याचंच बघा. हाताला चव आहे, माणूस शब्दाला पक्का आहे. हॉलवर लग्न घेऊन आलेल्या अनोळखी पार्टीला तो ताटाचा दर खडाखडा सांगतो. पण चर्चच्या सणाचं जेवण असलं, की हिशेबाची वही उघडतच नाही. ‘फादर, तुम्हीच काय ते समजून द्या.’ फादरही भले असतात, समजून देतात. मात्र मटणाचा भाव त्यांना कुठून ठाऊक असणार? यंदा असंच झालं. मटण रोखीनं आणलेलं, गॅस रोखीनं, भाजी रोखीनं. हातात आलेल्या पाकिटातून हे सगळं वजा केलं आणि जे राहिलं त्यात वाढपी पोरांची मजुरी बसेना. ‘पुढच्या लग्नाला धरून देतो रे,’ असं सांगून त्यानं पोरांना वाटेला लावलं. देवाच्या कामात पैशाची घासाघीस कशी करायची, असं त्याचं म्हणणं. त्याला ती नम्रता वाटते. त्या नम्रतेचं बिल त्या चार पोरांनी भरलं, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

आपल्याला पैसा मिळतोय यात काहीतरी चुकतंय, अशी रुखरुख अनेक श्रद्धावान ख्रिस्ती माणसांच्या मनात असते. तिच्यावर दोन प्रकारचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, रुखरुख बरोबरच आहे, पैसा वाईटच. दुसरा म्हणतो, झटकून टाक, श्रीमंत होणं हा तुझा हक्कच आहे. मला दोन्ही सल्ले नापास करायचे आहेत. कारण या एका रुखरुखीत दोन वेगळ्या शंका मिसळल्या आहेत. ‘मी कमवावं का?’ ही एक आणि ‘मी हे कसं कमावलं?’ ही दुसरी. पहिलीला निरोप द्यायला हवा. दुसरीला मात्र घरात ठेवून घ्यायला हवं, आणि तीही मानाने.

पहिली शंका येते कुठून? थोडी शास्त्रातून, बरीचशी इतिहासातून. श्रीमंत देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंट सुईच्या नाकातून जाणं सोपं, ही गोष्ट लहानपणापासून कानावर पडलेली असते. पौलाच्या नावावर तर पैसा हेच सगळ्या वाइटाचं मूळ, असं वाक्य सर्रास खपवलं जातं. तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात दोष दिलाय तो पैशाच्या लोभाला. आणि लोभ कर्जबाजारी माणसालाही सुटत नाही. येशूच्या फिरतीचा खर्च कोण करत होतं, हे लूकनं आठव्या अध्यायात नोंदवून ठेवलंय: योहान्ना, सुसान्ना आणि आणखी काही बायका, स्वतःच्या पैशातून. फिलिप्पैतली लुदिया जांभळ्या कापडाची व्यापारीण होती. पौलाचा मुक्काम तिच्याच घरी पडला. या बायकांना कुणी धंदा सोडायला सांगितल्याचं लिहिलेलं नाही.

इतिहासाची गोष्ट जरा कडवट आहे. अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली अहमदनगरला आलं. पुढच्या काळात नगर जिल्ह्यात जे ख्रिस्ती झाले, त्यांतले बहुतेक महार-मांग समाजातले. १८७६ ते ७८ चा दुष्काळ आणि मग १८९९-१९०० चा. लोक चर्चकडे आले तेव्हा गावानं एक वाक्य तयारच ठेवलं होतं: पोटासाठी बाटले. वसईकडे असाच टोमणा विहिरीत पाव टाकून गाव बाटवल्याच्या दंतकथेतून फिरतो. पिढ्यान्‌पिढ्या हा टोमणा ऐकलेल्या घरात पैसा आला, की पहिला विचार आनंदाचा येत नाही. ‘बघा, म्हणूनच तर...’ असं कुणी म्हणेल का, हा येतो. मग नवी गाडी घराच्या मागच्या बाजूला लावली जाते.

त्यात नोकरीची घडण. मिशनची शाळा, मिशनचा दवाखाना, मिशनच्या आवारातली खोली. शिक्षक, नर्स, कंपाउंडर, पाळक अशा ठरावीक पगाराच्या जागांवर दोन-तीन पिढ्यांनी इमानानं आयुष्य काढलं. त्या शिस्तीनं समाजाला पुष्कळ दिलं. पण आपल्या कामाची किंमत आपण ठरवायची, समोरच्याच्या डोळ्याला डोळा देऊन ती सांगायची, ही सवय त्यातून लागत नाही. पगार ठरवणारे साहेब कधीच गेले. किंमत दुसऱ्यानंच ठरवावी ही अपेक्षा मात्र मागे राहिली. तिलाच आपण श्रद्धा समजू लागलो.

उलट उदाहरण आपल्याच मातीत आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं केलं. तिथे प्रार्थनेइतकंच कामाला महत्त्व होतं. शेती, विणकाम, छपाई बायका शिकत होत्या. रमाबाईंनी केलेला बायबलचा मराठी अनुवाद तिथल्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांच्या हातांनी छापला गेला. नवऱ्याविना, माहेराविना उभ्या राहिलेल्या बाईच्या हाताला कसब हवं आणि त्या कसबाला किंमत हवी, यावर रमाबाईंची श्रद्धा कधी अडखळली नाही.

आता दुसऱ्या सल्ल्याकडे वळू. हा सल्ला मोठ्या आवाजात दिला जातो, बहुधा कीबोर्डच्या साथीवर. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत ओरल रॉबर्ट्स, केनेथ हेगिन वगैरे प्रचारकांमुळे समृद्धीची शिकवण फोफावली. त्यातली रॉबर्ट्सची कल्पना अशी, की अर्पण हे बियाणं आहे, पेराल तर देव अनेक पटींनी उगवून देईल. टीव्हीनं ती जगभर नेली आणि मोबाइलनं आपल्या वस्तीतल्या पत्र्याच्या सभागृहापर्यंत आणली. तिथे साक्ष देणारा सांगतो, हप्ते थकले होते तरी दशांश दिला आणि महिन्यात टेंडर मिळालं. टाळ्या पडतात. ज्यानं दशांश दिला आणि टेंडर गेलं, त्याला व्यासपीठावर कुणी बोलावत नाही. तो घरी जाऊन आपल्याच विश्वासात खोट शोधत बसतो. गरिबाची गरिबी होतीच. तिच्यावर आता अपराधाचा शिक्काही बसला. शंका घेणं हेच पाप ठरवून टाकलं, की पैसा कुठून आला हे विचारायची सोयही उरत नाही. या शिकवणीवर माझा राग आहे तो मुख्यतः यासाठी.

दोन्ही बाजूंना मत्तयाचा पंचविसावा अध्याय आवडतो, आणि दोघेही तो अर्धाच वाचतात. पहिल्या भागात मालक परदेशी जाताना तीन चाकरांकडे रक्कम सोपवतो. ती लहानसहान नव्हे. एक तालांत म्हणजे त्या काळच्या मजुराची जवळजवळ वीस वर्षांची कमाई. दोघे ती वाढवतात. तिसरा जमिनीत पुरतो आणि मालक आल्यावर पैन् पै परत करतो. त्यानं काही खाल्लं नाही, उडवलं नाही, तरी बोलणी त्यालाच बसतात. का पुरलं याचं कारण तो स्वतःच सांगतो: भीती वाटली. पहिल्या शंकेचा याहून नेमका पंचनामा मला कुठे सापडलेला नाही. भिऊन स्वस्थ बसण्याला तिथे पुण्याच्या खात्यात जमा केलेलं नाही.

समृद्धीवाले इथे पुस्तक मिटतात. पण अध्याय संपलेला नसतो. त्याच अध्यायाच्या शेवटी न्यायाचा दिवस येतो आणि तिथे किती वाढवलंस हा प्रश्नच निघत नाही. भुकेल्याला जेवू घातलंस का, उघड्याला पांघरूण दिलंस का, तुरुंगातल्याला भेटलास का, एवढंच विचारलं जातं. कमवायला भिऊ नकोस आणि कमावलेल्याचा जाब द्यायला तयार राहा, ही दोन्ही वाक्यं एकाच अध्यायात शेजारी बसली आहेत.

लूकनं हेच दोन माणसं शेजारी ठेवून दाखवलंय. अठराव्या अध्यायात एक श्रीमंत अधिकारी येतो. सगळं विकून गरिबांना दे, असं येशू त्याला सांगतो आणि तो खिन्न होतो. एकोणिसाव्या अध्यायात यरीहोचा मुख्य जकातदार जक्कय भेटतो. त्याला असा काही हुकूम होत नाही. जक्कय आपणहून उभा राहतो आणि आकडे सांगतो: अर्धं गरिबांना, आणि ज्याचं अन्यायानं घेतलं असेल त्याला चौपट परत. या सगळ्या गोष्टीत पश्चात्तापाचे अश्रू कुठे नाहीत, आहे तो हिशेब. कुणाचं किती घेतलं हे जक्कयाला ठाऊक होतं, म्हणूनच चौपट करता आलं. नुसती रुखरुख बाळगणाऱ्याला एवढंही सांगता येत नाही.

अठराव्या शतकातल्या मेथडिस्ट धर्मोपदेशक जॉन वेस्लीलाही हे कळलं होतं. १७६० मध्ये छापलेल्या त्याच्या पैशाविषयीच्या प्रवचनाचा सारांश सगळे सांगतात: भरपूर कमवा, वाचवा आणि देऊन टाका. पण कमवा म्हणताना त्यानं घातलेल्या अटी सांगायच्या राहून जातात. शेजाऱ्याच्या शरीराला अपाय होईल असा धंदा नको, म्हणून दारू गाळून विकणं बाद. शेजाऱ्याचा धंदा बुडावा म्हणून बाजारभावापेक्षा कमी दरानं विकणंही बाद. ही दुसरी अट आजच्या ‘महासेल’च्या दिवसांत वाचून पाहावी. उतारवयात वेस्लीला एक धास्ती होती: आपले लोक कष्टानं आणि काटकसरीनं श्रीमंत होतायत, पण देण्याचं विसरतायत.

मला मात्र या प्रश्नाचं सर्वांत पटणारं उत्तर वसईतच सापडतं आणि ते प्रवचनात नाही, पतपेढीत आहे. १९१८ साली मोन्सिनियर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंनी बसीन कॅथलिक सहकारी पतसंस्था सुरू केली. केळीची, पानवेलीची, भाजीची बागायत करणारा शेतकरी सावकाराच्या वहीत अडकलेला होता. त्याला संयम शिकवणारं प्रवचन करता आलं असतं. फादरांनी त्याच्यासाठी वेगळी वही उघडली. जर्मनीत राइफायझेननं १८६४ साली हेडेसडॉर्फला याच धर्तीवर शेतकऱ्यांची पतसंस्था काढली होती, आणि त्याच्याही डोक्यात शेजारधर्मच होता. हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ साली झाला. लगेच १९०९ मध्ये फादर योहान हॉफमान या जेझुइटानं छोटानागपूरच्या आदिवासींसाठी कॅथलिक पतसंस्था काढली. मोनीस त्याच वाटेवरचे. त्यांची पतसंस्था आज शेड्यूल्ड बँक आहे, ठेवी हजारो कोटींच्या आहेत आणि खातेदार सगळ्या धर्मांचे. एका धर्मगुरूला व्याजाचा दर ठरवताना संकोच वाटला नाही, म्हणून हे झालं. सावकारापेक्षा कमी आणि संस्था टिकेल इतका, असा दर काढायला श्रद्धेबरोबर त्रैराशिकही यावं लागतं.

पहिली शंका गेली, की दुसरीचं काम सुरू होतं, आणि वसईत ते काम भरपूर आहे. गेल्या तीन-चार दशकांत इथे आलेला मोठा पैसा बागेतून आलेला नाही, बाग विकून आलेला आहे. बावखलं, म्हणजे वाडीतली तळी, बुजली, वाडीच्या जागी इमारत उभी राहिली, आणि आजोबांनी जन्मभर रहाटाचं पाणी पाजून जे मिळवलं नव्हतं ते नातवाला एका सहीत मिळालं. ही सही करताना मनात काहीतरी हललं असेल, तर ते हलणं दाबू नये. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईसाठी रस्त्यावर उतरले, ते हीच दुसरी शंका घेऊन. अनेक जमीनमालक त्यांच्यावर नाराज झाले. विकणाऱ्याच्या घरी मुलांची शिक्षणं, आजारपणं असतात हेही खरं. विकणारा प्रत्येक जण लोभी, असं मी म्हणणार नाही. पण विहिरींचं पाणी खारं होत असताना हा सौदा फक्त माझा आणि बिल्डरचा आहे, असंही कुणाला म्हणता येणार नाही. त्या पैशातून वर्षभराच्या कमाईचं लग्न चार दिवसांत उडतं तेव्हा तर मुळीच नाही.

तेव्हा चर्चनं पैशावर बोलायला हवं, आणि नेमकं बोलायला हवं. लग्नाआधीच्या वर्गात कर्ज, विमा, लग्नाचा खर्च हे विषय यावेत. स्वतःचा धंदा करणाऱ्या तरुणांना दरपत्रक कसं करायचं हे शिकवणारी संध्याकाळ एखाद्या पॅरिशनं ठेवली, तर ती भक्तीबाहेरची गोष्ट ठरू नये. आणि हे सांगण्याचा अधिकार हवा असेल, तर सुरुवात आवारातूनच करावी लागेल. विनाअनुदानित शाळेत वर्षानुवर्षं तुटपुंज्या मानधनावर शिकवणाऱ्या बाई आणि सकाळी देऊळ झाडणारा माणूस, या दोघांचे पगार आधी नोटीस बोर्डावर लावा. ते आकडे वाचताना ज्यांना लाज वाटणार नाही, त्यांनी उंट आणि सुईच्या नाकावर खुशाल प्रवचन करावं.