दोन पडदे हवेत, भारी कार्ड नको



शेतकी गट कार्यालयांतील संगणकांना दुसरा पडदा जोडावा, हा विषय सध्या चर्चेत आहे. कोणी म्हणतो, "एका पडद्यावर चाललंय की, दुसरा कशाला?" तर कोणी म्हणतो, "घ्यायचंच तर भारीतलं कार्ड घ्या, पुन्हा खर्च नको." शेतकी खात्याला या संगणकांवर रोज काम करावे लागते, म्हणून आमचे मत स्पष्टपणे मांडतो.

दुसरा पडदा ही चैन नव्हे. ऊस नोंद घेताना एकीकडे सातबारा व गट नंबर, दुसरीकडे नोंदीचा तक्ता, असे दोन्ही समोर लागते. पडदा एकच असला की हे झाक, ते उघड, असे करता करता लागणीची तारीख चुकते, आडसाली ऊस सुरू हंगामात जाऊन बसतो. मग त्या सभासदाची तोड मागे पडते, उसाला तुरा येतो, वजन घटते. नुकसान शेवटी तुमच्याच घरचे. म्हणून पडद्याला आमचा पाठिंबा आहे.

मात्र दुसरा पडदा म्हणजे नवे ग्राफिक्स कार्ड, हे समीकरण आम्हास मान्य नाही. आधी संगणकाची पाठ बघा. मदरबोर्डवरच व्हीजीए, एचडीएमआय किंवा डिस्प्ले पोर्ट यांपैकी दोन जागा असतील, तर बहुधा कार्डाची गरजच नाही. इंटेलच्या २०१२ सालच्या तिसऱ्या पिढीपासून प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्स तीन पडद्यांपर्यंत चालवू शकते. फक्त मदरबोर्डवर तेवढ्या जागा हव्यात. अपवाद एक ध्यानात ठेवा. इंटेलच्या प्रोसेसरच्या नंबराशेवटी 'एफ' अक्षर असेल, तर त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते. तिथे कार्ड लागतेच.

कार्ड घ्यावेच लागले तर कोणते? विहिरीला पाणी किती, यावरून आपण मोटार ठरवतो. दोन इंची पाइपाला दहा एच.पी.ची मोटार कोणी बसवत नाही. तक्ते, नोंदी अन् नकाशे दाखवायला गेम खेळायचे कार्ड घेणे म्हणजे चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला. "मेमरी जास्त आहे, साहेब," असे विक्रेता सांगेल. हिशेब बघा: १९२० बाय १०८० चा एक पडदा रंगवायला सुमारे ८ एमबी लागतात, दोन पडद्यांना १७. दोन जीबीचे कार्ड या कामाला उदंड झाले.

एनव्हिडियाचे जीटी ७१० स्वस्त पडते. वीज फक्त १९ वॅट. पण त्याच्या सुरक्षा दुरुस्त्या २०२४ मध्ये थांबल्या, तेव्हा आज नव्याने ते घेऊ नये. २०१७ साली आलेले जीटी १०३० हे ३० वॅटचे. त्याचे नेहमीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये संपले, सुरक्षा दुरुस्त्या मात्र ऑक्टोबर २०२८ पर्यंत जाहीर आहेत. एएमडीचे रेडिऑन आरएक्स ६४०० हे २०२२ चे, ५३ वॅटचे व जास्त किमतीचे. तिन्ही कार्डे सर्वसाधारणपणे स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॅटमध्ये भागतात, वेगळी वायर किंवा मोठा पॉवर सप्लाय लागत नाही. आमची पसंती जीटी १०३० ला, तेही बिनपंख्याचे. हंगामात भुसा अन् धूळ किती उडते, ते तुम्हास माहीत आहेच; पंखा त्यात लवकर अडकतो.

आणखी तीन गोष्टी ऑर्डर देण्याआधी तपासाव्यात. कॅबिनेट अरुंद असेल तर आखूड पट्टीचे कार्ड मागवावे. जुना पडदा व्हीजीएचा असेल तर एचडीएमआयला साधी वायर चालत नाही, कन्व्हर्टर घ्यावा लागतो. आणि कार्ड बसवल्यावर दोन्ही पडद्यांच्या वायरी कार्डालाच जोडाव्यात. कार्ड बसले की मदरबोर्डवरील जागा पुष्कळदा आपोआप बंद होते, अन् मग "पडदा बिघडला" अशी ओरड सुरू होते.

पैशाचे म्हणाल तर २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला एफआरपी टनाला ३,५५० रुपये ठरली. त्यातून तोडणी-वाहतूक वजा जाते. म्हणजे भारी कार्डाची एकेक पावती कुणा सभासदाच्या कित्येक टन उसावर फाडली जाते. तोच पैसा यूपीएसला अन् जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडीला लावला, तर वीज गेल्यावर नोंद पुसणार नाही अन् खिडकीपुढची रांगही लवकर सरेल.

म्हणून आमची सूचना अशी: प्रत्येक गट कार्यालयातील संगणकाची आधी पाहणी करून यादी करावी. जिथे दोन जागा आहेत तिथे फक्त पडदा व वायर द्यावी. जिथे नाहीत तिथेच साधे कार्ड, तेही तीन दरपत्रके मागवून. सभासदांनीही गट सभेत ही यादी मागावी. खर्च तुमच्या भागभांडवलातून होतो, तेव्हा विचारण्याचा हक्कही तुमचाच आहे.