मेल्यावरचं नंतर बघू

‘आज रात्री तुम्हाला मरण आलं, तर तुम्ही कुठे जाल?’

हा प्रश्न माझ्या आजीच्या शवपेटीशेजारी उभं राहून एका उपदेशकाने विचारला. समोरच्या बाकांवर आमच्या नायगावच्या बीडीडी चाळीतले शेजारी होते. बहुतेक हिंदू, काही बौद्ध. शेवटचे तीन आठवडे आजीला उठता येत नव्हतं, तेव्हा हीच माणसं पाळीपाळीने रात्री जागली. मी कामाच्या कॉलवर अडकलो होतो, तेव्हा समोरच्या काकूंनी तिची ओली चादर बदलली. आणि आता त्यांना सांगितलं जात होतं, की वेळेत निर्णय घेतला नाहीत तर तुमचं काही खरं नाही. काकू शेवटपर्यंत हात जोडून बसल्या होत्या. मला तोंड कुठे लपवू असं झालं.

मी ख्रिस्ती आहे, विश्वास ठेवणारा आहे, म्हणूनच चिडलोय. ‘सार्वकालिक जीवन’ ही आमच्या श्रद्धेतली बहुधा सगळ्यात मोठी गोष्ट. तिचा आम्ही आयुर्विमा करून टाकलाय. हप्ता भरा, मेल्यावर क्लेम करा.

शुभवर्तमान काय म्हणतं बघा. योहानाच्या सतराव्या अध्यायात, अटक होण्याआधीच्या प्रार्थनेत, येशू सार्वकालिक जीवन म्हणजे काय ते सांगतो. त्यात मरणाचा उल्लेख नाही, स्वर्गाचा पत्ता नाही, वर्षांचा हिशेब नाही. एकाच खऱ्या देवाला आणि त्याने पाठवलेल्याला ओळखणं, एवढीच ती व्याख्या. ओळखणं म्हणजे केवायसी नव्हे. आई पोराच्या चपलांचा आवाज जिन्यावर ओळखते, तसं. पाचव्या अध्यायात तर विश्वास ठेवणारा मरणातून जीवनात आधीच पोचलेला आहे. पुढे पोचेल असं नाही, पोचलाय. मूळ ग्रीकमधलं ‘आयोनिओस’ हे विशेषण ‘आयोन’ म्हणजे युग या शब्दावरून आलंय. येणाऱ्या युगाचं जगणं, असा त्याचा रोख. लांबी त्यात आहेच, पण आधी जात वेगळी आहे त्या जगण्याची.

नुसती लांबीच हवी असेल तर ब्रायन जॉन्सन आहेच. पेमेंट कंपनी विकून श्रीमंत झालेला हा अमेरिकन आता मरायचंच नाही म्हणून गोळ्या आणि रक्ततपासण्या मोजत जगतो. ऑफिसात जेवताना त्याचा विषय निघाला की मला एक जुना सर्व्हर आठवतो. चार वर्षं एकदाही न पडलेला. नंतर कळलं, त्याच्याकडे कुणाची रिक्वेस्टच येत नव्हती.

दुसरीकडे ऑनलाइन टोळकी आहेत. आडनावावरून धर्म कळला की ‘किती पोत्यांना बाटलात?’ हा प्रश्न तयार. गंमत अशी, की हे टोळकं आणि तो उपदेशक एकाच पक्षाचे आहेत. श्रद्धा हा सौदा असतो, यावर दोघांचंही एकमत. भांडण फक्त मालाबद्दल: तांदूळ की स्वर्ग.

या दोघांनाही उत्तर म्हणून मी नारायण वामन टिळकांकडे बोट दाखवेन. कोकणातला हा चित्पावन कवी १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत बाप्तिस्मा घेतो आणि मिळतं काय, तर बायकोपासून ताटातूट, नातलगांचा तळतळाट. सौदा म्हणून बघितलं तर शुद्ध तोटा. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशा अर्थाचं ते सांगत. हे मला पटतं, कारण वारकऱ्यांनीही मोक्ष बाजूला सारून संतांची संगत मागितली होती. आमच्या बायबलात यासाठी ‘सहभागिता’ शब्द आहे (एखाद्या सरकारी योजनेचं नाव वाटतं). संगत म्हटलं की लगेच कळतं.

मग १९१७ साली टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनचं काम सोडलं, बांधलेलं उत्पन्न सोडलं आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही जागा होती. दोन वर्षांत ते गेले, दरबार वाढला नाही. अपयशच म्हणा. पण शंभर वर्षांनी आमच्या बाकांवर कोण बसलं होतं ते आठवलं की वाटतं, आम्हाला दरबार झेपला नाही म्हणून आम्ही काउंटर उघडला.

लक्ष्मीबाई टिळक तर याहून थेट. नवरा ख्रिस्ती झाल्यावर सोवळं सांभाळत वेगळ्या राहिलेल्या या बाई. ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी सांगितलंय, की जाती देवाने केल्या की माणसाने, हा विचार करता करता एकदा त्यांचा निश्चय झाला: यापुढे कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. पाण्याचा पेला आधी, विधी मागाहून. मेल्यावर कुठे जायचं हा प्रश्न नव्हता. शेजारी कोण बसतं हा होता.

‘मग पुनरुत्थान खोटं का?’ असं आमच्यातलेच विचारतील. अजिबात नाही. ख्रिस्त उठला नसेल तर आमची सगळी श्रद्धा फुकट, हे पौलाने स्पष्ट लिहिलंय आणि मला ते मान्य आहे. आजी परत भेटेल, ही माझी आशा आहे. पण देवाची संगत म्हणजे त्या भेटीआधीची वेटिंग रूम नव्हे. ती संगत मरणानेही तुटत नाही, म्हणून तर आशा आहे. क्रम उलटा केला की देव फक्त दारावरचा तिकीट-तपासनीस उरतो. सुवार्ता जरूर सांगा, पण भीती दाखवून मिळवलेली ओळख ही ओळख नसते. आणि जी संगत आपण स्वतः चाखली नाही, तिची जाहिरात तरी कशी करणार?

आमच्या चाळी आता पाडायच्या आहेत. एकशे साठ चौरस फुटांच्या जागी पाचशे मिळणार, टॉवर, लिफ्ट, बंद दारं. काकू कुठल्या मजल्यावर आणि आम्ही कुठे, अजून माहीत नाही.

परवा त्यांनी विचारलं, ‘आजींसाठी तुमच्यात पुढे काय करतात रे?’

म्हटलं, ‘खास काही नाही. प्रार्थना करतो, मग सगळे मिळून जेवतो.’

‘मग भाजी मी करते,’ काकू म्हणाल्या. ‘किती माणसं धरू?’