पैनगंगेच्या पुलावर अडलेला कायदा

कापसाच्या हंगामात पहाटे पाटणबोरीकडून आदिलाबादच्या दिशेने निघालेल्या एखाद्या ऑटोत डोकावून पाहावे. तिघांच्या जागेत दहा बाया दाटीवाटीने बसलेल्या असतात. मांडीवर फडक्यात बांधलेली भाकर, पायाशी पाण्याची कॅन, कमरेला खोचलेली ओटी. पैनगंगेचा पूल ओलांडला की राज्य बदलते, दुकानांच्या पाट्या बदलतात. काम तेच राहते. दिवसभर पऱ्हाटीच्या तासांत वाकून बोंडे वेचायची, वाळलेल्या पाकळ्यांच्या टोकांनी बोटे सोलून घ्यायची आणि दिवस कलला की गाठोडे काट्यावर चढवायचे. किलोमागे भाव ठरलेला. त्यातून ओलीचे वजन कापले जाते, ऑटोभाडे जाते, मुकादमाचे कमिशन जाते. हिशेब सगळा तोंडी. परतीच्या वाटेवर तो ऑटो उलटला तर आतली बाई कोणाची कामगार, याचे उत्तर यवतमाळच्या दप्तरात नाही आणि आदिलाबादच्याही नाही.

१८ डिसेंबर हा आंतरराष्ट्रीय स्थलांतरित दिन. १९९० साली याच तारखेला संयुक्त राष्ट्रांनी स्थलांतरित कामगार व त्यांच्या कुटुंबीयांच्या हक्कांचा करार संमत केला. भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही आणि आपली माणसे ज्या आखाती देशांत राबतात त्यांनीही दिलेली नाही. हा दिवस ऐन वेचणीच्या दिवसांत यावा हा योगायोग. पण त्यामुळे एक गोष्ट स्पष्ट दिसते. पैनगंगा ओलांडणारी वेचणीवाली आणि निर्मल-खानापुरातून दुबईला गेलेला गवंडी यांचे दुखणे एकच आहे. मुकादम सीमा ओलांडतो, पैसा ओलांडतो, माल ओलांडतो. कायदा मात्र पुलाच्या अलीकडेच थांबतो. कायद्याने पत्त्याचे रक्षण करणे सोडून माणसाचे रक्षण करावे, हे आमचे म्हणणे आहे.

या भागात ‘परका’ कोणाला म्हणावे, हाच मुळात अवघड प्रश्न. किनवट आणि राजुरा १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते. राज्य पुनर्रचनेत रेघ सरकली, माणसे जागच्या जागी राहिली. बेला, जैनद, तामसी या मंडळांत आजही घरात मराठी आणि कचेरीत तेलुगू चालते. जिवती तालुक्याच्या कडेला असलेल्या चौदा गावांची कथा तर सर्वश्रुत आहे. परमडोली, मुकदमगुडा, अंतापूर अशा या गावांवर दोन्ही राज्यांचा दावा. म्हणून दोन राज्यांची रेशनकार्डे, दोन मतदारयाद्या आणि दोन सरपंच. त्यातली बरीच कुटुंबे मराठवाड्यातून पोटासाठीच आलेली. मतदाराला दोन-दोन राज्ये मिळतात आणि त्याच सीमेवरून रोज ये-जा करणाऱ्या मजुराला एकही मिळत नाही, यातच आपल्या व्यवस्थेचा प्राधान्यक्रम उघडा पडतो.

कायदा नव्हता असे नाही. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने ठेकेदाराला परवाना सक्तीचा केला, कामगाराला विस्थापन भत्ता व प्रवासभत्ता देऊ केला आणि एक साधी, शहाणी गोष्ट सांगितली: प्रत्येक कामगाराला छायाचित्र लावलेले पासबुक द्यावे, त्यात मजुरी, कपात आणि कामाची मुदत लिहावी आणि कामगाराची भाषा हिंदी किंवा इंग्रजी नसेल तर ते त्याच्या भाषेतही असावे. किती वेचणीवाल्यांनी असे पासबुक पाहिले असेल? आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने तो जुना कायदा गिळला. नव्या संहितेत काही चांगले जरूर आहे. ठेकेदाराशिवाय आपणहून आलेला, महिना अठरा हजारांपर्यंत मजुरी असलेला कामगारही आता स्थलांतरित ठरतो. वर्षातून एकदा गावी जाण्याचा भत्ता, शिधा कुठल्याही राज्यात घेण्याची सोय आणि मदतवाहिनी यांची तरतूद आहे. पण जुना कायदा पाच स्थलांतरित कामगारांपासून लागू होई, नवा दहापासून होतो. विस्थापन भत्ता गेला, पासबुकही गेले. त्याऐवजी नियुक्तिपत्र आले. पण वेचणीवालीचा मालक रोज बदलतो. आज या शेतात आठ जणी, उद्या त्या शेतात सहा. टोळी तीच असली तरी दहाचा आकडा एकाही बांधावर भरत नाही. ज्या कामाला ‘आस्थापना’ म्हणता येत नाही, तिथल्या हातांना कामगार म्हणायला संहिता तयार नाही.

याची किंमत काय असते ते २०२० साली सगळ्यांनी पाहिले. हैदराबादहून नागपूरकडे जाणारा ४४ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आदिलाबादवरूनच जातो. टाळेबंदीत त्या डांबरावरून उत्तरेकडे निघालेल्या पायांची नोंद कोणत्याच रजिस्टरात नव्हती. तेलंगणातल्या मुलुगू जिल्ह्यातून, मिरची तोडणीच्या कामावरून छत्तीसगडातल्या विजापूरकडे पायी निघालेली बारा वर्षांची मुलगी घर थोड्याच अंतरावर असताना मरण पावली. १ मे रोजी देशातली पहिली श्रमिक विशेष रेल्वे सुटली ती तेलंगणातल्याच लिंगमपल्लीहून, झारखंडच्या हटियाकडे. तोवर टाळेबंदीला महिना उलटून गेला होता. पुढे २९ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना स्थलांतरितांसाठी शिधा आणि सामुदायिक स्वयंपाकघरांचे आदेश दिले. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेत तर महाराष्ट्र आणि तेलंगण १ जानेवारी २०२० पासूनच सामील होते. धान्याने सीमा ओलांडली, हे मान्य. दवाखान्याने मात्र ओलांडलेली नाही. आदिलाबादचे रिम्स रुग्णालय यवतमाळ-नांदेडच्या सीमेवरच्या गावांना जवळ पडते. पण तेलंगणाची आरोग्यश्री आणि महाराष्ट्राची महात्मा फुले जनआरोग्य योजना नदीच्या दोन काठांवर पाठ फिरवून बसलेल्या. कार्ड कुठले, यावर उपचार ठरतो. आजार कुठला, यावर नाही.

आता दूरच्या सीमेकडे. निर्मल, जगित्याल, निजामाबाद, सिरसिल्ला या पट्ट्यात घरटी कोणीतरी ‘दुबई’त असते, मग तो गेला असेल ओमानला किंवा सौदीला. कोकणातल्या खेड-चिपळूणच्या घरांना हे वेगळे सांगायला नको. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर उत्प्रवास तपासणीची अट येते आणि ठराविक १८ देशांत नोकरीला जायचे तर परवानगी लागते. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार परवानाधारक एजंटाला तीस हजार रुपये आणि वस्तू व सेवा कर, एवढीच फी घेता येते. गावात येणारा मात्र परवानाधारक नसतोच. तो असतो त्याचा माणूस, सब-एजंट, बहुधा नात्यातला किंवा शेजारच्या वाडीतला. तो ‘आझाद व्हिसा’ विकतो, एकरभर जमीन गहाण पडते आणि माणूस पर्यटक व्हिसावर विमानात बसतो. तिकडे माळीकामाच्या बोलीवर गेलेल्याच्या हातात वाळवंटातल्या शेळ्या येतात. पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे तिथल्या मालकाकडे. पळाला तर तो गावच्या भाषेत ‘कल्ली-वल्ली’ झाला, म्हणजे कागदावर नसलेला माणूस. मग आउटपासची वाट पाहायची, नाही तर तुरुंगाची. आणि नशीब फारच फिरले तर शवपेटीची. १२ जून २०२४ रोजी कुवेतमधील मंगाफ येथे कामगारांच्या इमारतीला आग लागली, तेव्हा ४५ भारतीयांचे मृतदेह वायुदलाच्या विमानाने आणावे लागले. तेलंगण सरकारने २०२४ मध्ये आखातात मरण पावलेल्यांच्या कुटुंबांना पाच लाख रुपये देण्याचा निर्णय केला. तो स्वागतार्हच. पण माणूस मेल्यावर सुरू होणारे संरक्षण हे संरक्षण नव्हे, ती भरपाई झाली.

केंद्राने १९८३ च्या कायद्याच्या जागी परदेश गतिशीलता (सुविधा व कल्याण) विधेयकाचा मसुदा ऑक्टोबर २०२५ मध्ये जनतेपुढे ठेवला. बेचाळीस वर्षांनी हा विषय हाती घेतला, हे बरे झाले. पण मसुद्याचे मोल त्याच्या नावावरून ठरणार नाही. फसलेल्या कामगाराला स्वतः दाद मागता येते का? सब-एजंटाच्या पापाला मूळ एजंट बांधला जातो का? करार तेलुगूत, मराठीत, उर्दूत मिळतो का? ज्या राज्यातून माणसे जातात त्या राज्याला निर्णयात जागा आहे का? राज्याला अशी जबाबदारी पेलते; केरळने अनिवासी केरळीयांसाठी ‘नोर्का’ हे स्वतंत्र खाते १९९६ मध्येच उभे केले. या चार प्रश्नांना ‘होय’ असे उत्तर असेल तरच हा नवा कायदा. नाही तर जुन्या दारावर नवी पाटी.

यावर आक्षेप येतील आणि ते ऐकले पाहिजेत. पहिला शेतकऱ्याचा. आदिलाबाद आणि यवतमाळचा कोरडवाहू कापूस उत्पादक आधीच मेटाकुटीला आलेला. वेचणीचा खर्चच त्याला पेलत नाही, त्यात नोंदी आणि भत्ते कुठून आणायचे? रास्त आहे. म्हणूनच हा बोजा त्याच्यावर टाकू नये. नोंद मुकादमाची व टोळीची व्हावी आणि विम्याचा हप्ता कापूस विकत घेणाऱ्या यंत्रणेच्या उपकरातून निघावा. महाराष्ट्राच्या १९६९ च्या माथाडी कायद्याने, मालक रोज बदलला तरी कामगाराची नोंद मंडळाकडे राहू शकते, हे सिद्ध करून दाखवले आहे.

दुसरा आक्षेप आदिवासींचा, आणि तो जास्त खोल आहे. बाहेरून आलेल्यांनी आदिलाबाद जिल्ह्यातल्या गोंड-कोलामांच्या जमिनी कशा घशात घातल्या, हे मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांनी १९४० च्या दशकातच लिहून ठेवले. त्याच अन्यायातून गोंड नेता कुमराम भीम उभा राहिला आणि १९४० मध्ये जोडेघाटला धारातीर्थी पडला. जमीन हस्तांतर नियमावलीच्या १९७० च्या दुरुस्तीने अनुसूचित क्षेत्रातल्या जमिनीचे बिगर-आदिवासींकडे हस्तांतर बंद केले, ते योग्यच होते आणि त्याला धक्का लागता कामा नये. पण सातबारा बळकावायला आलेला सावकार आणि ओटी बांधून आलेली मजूर यांना एकाच ‘बाहेरचे’ या शब्दात कोंबणे हा त्या सावकारालाच फायद्याचा घोटाळा आहे. आम्ही मागतो आहोत ती मजुराची मजुरी, उपचार आणि मुलांची शाळा. कोणाची जमीन नव्हे.

आणि तिसरा आक्षेप आपण स्वतःवरच घ्यायला हवा. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेने १०४ भारतीयांना बेड्या घालून लष्करी विमानाने अमृतसरला आणून सोडले, तेव्हा आपले रक्त उसळले. त्यात तिघे महाराष्ट्रातलेही होते. पण मुंबईत परप्रांतीय टॅक्सीवाल्याच्या कानशिलात लगावली जाते तेव्हा ते रक्त कुठे असते? जिनिंग कारखान्याच्या पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या बिहारी पोराकडे आपण ज्या नजरेने पाहतो, त्याच नजरेने कफील आपल्या पोराकडे पाहतो.

करायचे काय, ते फार मोठे नाही. आदिलाबाद, कुमराम भीम आसिफाबाद, यवतमाळ, नांदेड आणि चंद्रपूरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी ऑक्टोबर ते मार्च या हंगामासाठी संयुक्त कक्ष उघडावा. संहितेच्या नियमांत शेतमजुरांच्या टोळ्यांचा स्पष्ट समावेश व्हावा आणि दहाची अट टोळीला लावावी, शेताला नाही. दोन्ही राज्यांच्या आरोग्य योजना सीमेवरच्या रुग्णालयांत परस्परांना मान्य व्हाव्यात. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी महाराष्ट्रात हंगामी वसतिगृहे आहेत. तीच सोय कापूस वेचणाऱ्यांच्या मुलांना मिळावी. आदिलाबादेत मराठी शाळा आहेतच, त्यांची दारे हंगामापुरत्या आलेल्या मुलाला दाखल्याविना उघडली तरी अर्धे काम झाले. परदेशी जाणाऱ्यांसाठी प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी परवानाधारक एजंटांची यादी लावावी आणि कराराची प्रत वाचून समजावणारा एक माणूस बसवावा.

१९७९ साली संसदेने या मजुराला त्याच्या भाषेतले एक पासबुक देण्याचे वचन दिले होते. ते पाळले न जाता रद्द झाले. दोन्ही राज्यांच्या सरकारांनी ते नव्याने छापावे, डाव्या पानावर मराठी, उजव्या पानावर तेलुगू, आणि पहिली प्रत पैनगंगेच्या पुलावर पहाटेच्या ऑटोत बसलेल्या बाईच्या हातात द्यावी.