मांजराचा उपद्रव आणि आपले पहिले शील



सिंगापुरातील आपल्या कुटुंबांच्या गप्पांत एक तक्रार वारंवार कानी येते. मांजराने दाराबाहेरच्या चपलांवर मुतून ठेवले, कुंडीतील माती उकरली, खाली व्हॉइड डेकमध्ये रात्रभर बोक्यांची भांडणे चालली. तक्रार खोटी नाही. सकाळच्या घाईत लेकराच्या शाळेच्या बुटांना तो वास येतो, तेव्हा करुणेवरील प्रवचन आठवत नाही, हे आम्ही स्वानुभवाने सांगतो. परंतु तक्रारीचा शेवट बहुधा एकाच मागणीने होतो : 'ही मांजरे इथून उचलून न्या.' या मागणीचा आपण विचार करावा, असे आम्हांला वाटते.

उचलून नेण्याचा उपाय या देशाने करून पाहिला आहे. एचडीबीच्या घरांत १९८९ पासून मांजर पाळण्यास बंदी होती. १९९८ मध्ये मोकाट मांजरांच्या नसबंदीस साहाय्य देणारी सरकारी योजना सुरू झाली. २००३ च्या सार्सच्या साथीत ती थांबली आणि मांजरे मोठ्या संख्येने पकडून मारली गेली. तरीही मांजरे संपली नाहीत. जिथे अन्न आणि आडोसा आहे, तिथली जागा रिकामी होताच आसपासची मांजरे ती व्यापतात आणि त्यांची वीण पुन्हा वाढते. म्हणूनच पुढे पकडणे, नसबंदी करणे, जमल्यास घर मिळवून देणे, अन्यथा त्याच जागी सोडून लक्ष ठेवणे, ही पद्धत स्वीकारली गेली. १ सप्टेंबर २०२४ पासून एचडीबीतील बंदीही उठली. आता एका घरात दोन मांजरे पाळता येतात. परवाना आणि मायक्रोचिप सक्तीची झाली असून त्यासाठी दोन वर्षांचा संक्रमणकाळ ठेवला गेला.

आपल्यासाठी या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. कुत्र्या-मांजरांचा उल्लेख आपल्या इतिहासात जखमेसारखा येतो. महाडच्या चवदार तळ्यावर जनावरांना पाणी होते, आपल्या पूर्वजांना नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी त्या पाण्याची ओंजळ भरली. १४ ऑगस्ट १९३१ रोजी मणिभवनात गांधीजींची भेट झाली, तेव्हा जिथे आम्हांला कुत्र्या-मांजरांहून हीन वागवले जाते त्या भूमीला मायभूमी कसे म्हणावे, असा त्यांचा सवाल होता. इथेही भाड्याचे घर शोधताना 'भारतीय नकोत' हे उत्तर आपल्यापैकी अनेकांनी ऐकले आहे. अशा वेळी मांजरांचे लाड पाहून मनात कडवटपणा आला, तर तो आम्ही समजू शकतो. तथापि, बाबासाहेबांनी मागितला तो माणसाचा हक्क. तळ्यावरून जनावरांना हाकलून द्या, असे त्यांनी कधी म्हटले नाही.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे आणि निर्णय माणसाच्या विवेकावर सोपविला आहे. ही कसोटी इथे लावून पाहावी. चपला खराब होण्यात मारण्याची गरज कुठेच नाही. उरते ती केवळ आपली चीड.

विवेकाचे उपाय घरगुती आहेत. चपला बंद कपाटात ठेवाव्यात. घाण झालेली जागा एन्झाइमयुक्त द्रावणाने धुवावी. वास राहिला की मांजर तिथेच परतते. डांबरगोळ्या आणि फिनाईल टाळावे. मांजरांसाठी ती विषे आहेत आणि रांगत्या मुलांसाठीही. उरलेले कालवण खाली ठेवू नये. कांदा-लसूण मांजरांना अपायकारक आहे आणि सांडलेल्या अन्नाने झुरळे-उंदीर येतात.

आमच्या ब्लॉकखाली एक वृद्ध चिनी आंटी रोज संध्याकाळी मांजरांना खाऊ घालतात. तक्रार-अर्ज लिहिण्यापूर्वी आम्ही त्यांच्याशी बोललो. उपद्रव करणारा बोका कोणता आणि त्याची नसबंदी का राहिली, हे त्यांना नेमके ठाऊक होते. पिंजरा लावताना आम्ही सोबत थांबलो. नसबंदीनंतर काही आठवड्यांत भांडणे कमी झाली, चपलाही बव्हंशी वाचल्या. त्याहून मोठी गोष्ट ही की इतकी वर्षे केवळ मान हलवून ओळख देणाऱ्या आंटी आता आमच्या मुलीला नावाने हाक मारतात.

आमची विनंती एवढीच आहे. मांजराचा त्रास झाला तर अर्ज करण्यापूर्वी खाली जाऊन त्याचा कान पाहावा. कानाचे टोक कापलेले असेल, तर नसबंदी झालेली आहे. कान शाबूत असेल, तर खाऊ घालणाऱ्या शेजाऱ्याला विचारावे, किंवा १९९९ पासून कार्यरत असलेल्या कॅट वेल्फेअर सोसायटीला कळवावे. दर रविवारी वंदनेत आपण प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे शील मुलांकडून म्हणवून घेतो. सोमवारी दारात मांजर दिसल्यावर आपण काय करतो, तेही मुले पाहत असतात.

जयभीम.