वास जपणारे पुणेकर

दसऱ्याला सारसबागेच्या गणपतीपाशी किंवा चतुःशृंगीच्या पायथ्याशी नव्या गाड्यांची गर्दी होते. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू आणि आत सीटवर कंपनीचं प्लास्टिक तसंच. ते काढणं अनेकांच्या जिवावर येतं. दिवाळी होते, संक्रांत होते, कव्हर काही हलत नाही. नवेपणा टिकला पाहिजे ना, आणि नवेपणा म्हणजे तो वास!

हा वास असतो रसायनांचा. डॅशबोर्डचं प्लास्टिक, सीटमधला फोम, रेक्झिन, कार्पेट चिकटवायचा गोंद यांतून टोल्युइन, झायलिन, स्टायरिन, फॉर्माल्डिहाइड अशी संयुगं हवेत मिसळत राहतात. ऊन तापलं की त्यांचा जोर वाढतो. सुरुवातीचे काही आठवडे ती सर्वाधिक सुटतात, मग हळूहळू ओसरतात. प्लास्टिक तसंच ठेवलं तर फोममधल्या वाफा कोंडतात आणि पावसाळ्यातली ओलही.

जपानच्या मोटार उत्पादकांच्या संघटनेनं २००५ मध्ये अशा १३ रसायनांना आवर घालायचं ठरवलं आणि २००७ पासूनच्या नव्या मॉडेलांना ते लागू केलं. चीनमध्ये तर हा वास गिऱ्हाइकाला मुळीच खपत नाही. तिथं २०११ मध्ये आठ रसायनांच्या मर्यादा ठरल्या आणि गाडीचे सुटे भाग हुंगून पास-नापास करणारी माणसं फोर्डनं नोकरीला ठेवली. याच कंपनीचा एक पेटंट-अर्ज २०१८ मध्ये समोर आला. गाडी उन्हात उभी करायची, काचा किंचित उघडायच्या, इंजिन, हीटर आणि पंखा चालू करायचा आणि वास अक्षरशः भाजून बाहेर काढायचा. पुण्यात एप्रिल-मे महिन्यात ही सोय फुकट आहे. पुणेकर मात्र प्रभात रोडवर झाडाखालची जागा शोधत चकरा मारतो आणि काचा घट्ट लावून जातो.

पावसाळा आला की दुसराच वास डोकं वर काढतो. कुबट.

ताम्हिणीहून चिंब होऊन परतलेली मंडळी ओल्या बुटांनिशी गाडीत बसतात. वरवर सगळं कोरडं दिसतं. पण रबरी मॅट उचलून कार्पेटवर तळवा दाबला की बोटांच्या फटींतून पाणी वर येतं. कधी दोष एसीचा असतो. कूलिंग कॉइलवर जमणारं पाणी एका नळीतून रस्त्यावर ठिबकतं. नळी तुंबली की तेच पाणी पुढच्या सीटच्या पायाशी उतरतं. कॉइल ओली राहिली तर तिच्यावर बुरशी धरते आणि एसी लावताच पहिला झोत नाकात जातो. म्हणून गॅरेजवाले सांगतात, घर जवळ आलं की एसी बंद करा, ब्लोअर तेवढा चालू ठेवा.

बहुतेक गाड्यांत केबिन फिल्टर ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. बाहेर काढला की मूळचा पांढरा रंग कुठे दिसत नाही, घड्याघड्यांत धूळ आणि गुलमोहराची वाळकी पानं. बदलायला दहा मिनिटंही लागत नाहीत.

हे सोडून लोक फ्रेशनर आणतात. आरशाला टांगायचं कागदी झाड अमेरिकेतल्या वॉटरटाउन गावी १९५२ मध्ये ज्युलियस सॅमन या रसायनतज्ज्ञानं काढलं. एका दूधवाल्यानं गाडीत सांडलेल्या दुधाच्या वासाची तक्रार केली होती, अशी त्याची कथा सांगतात. दूध सांडण्याचा अनुभव पुण्यातही घरोघरी आहे. पिशवी फुटते, दूध फोममध्ये झिरपतं आणि जिवाणू त्यातल्या स्निग्धांशाचं ब्युटिरिक आम्ल करतात. त्यावर लव्हेंडर मारलं तर लव्हेंडरमध्ये नासलेलं दूध असा तिसराच प्रकार तयार होतो. दूध ओल्या फडक्यानं टिपून काढून, वर खायचा सोडा रात्रभर पसरून सकाळी व्हॅक्यूम फिरवला तर बराच फरक पडतो.

अर्थात हौसेला मोल नाही. चाकणला जुळणी होणाऱ्या मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये २०१३ च्या पिढीपासून ग्लोव्ह बॉक्सातच अत्तराची कुपी बसवायची सोय आली. बाकीच्यांसाठी सिग्नलवर सोनचाफा आहे. दुसऱ्या दिवशी तो तपकिरी पडतो, हे खरं. पण तो घ्यायचा तर काच खाली करावीच लागते, आणि तेवढ्यात गाडीला थोडी हवा मिळते.